धुतलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना जेवणाचा डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, एक कान तारेने बांधलेला. माझ्या तोंडाकडे बघून वय ओळखू नका, कारण मी पोचे पडून म्हातारा दिसतो. माझी जन्मतारीख माझ्या झाकणावरच कोरलेली आहे. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात टरटर आवाज करणाऱ्या यंत्राने माझ्यावर लिहिलं, ‘सौ. अंबूबाईस बंधूकडून सप्रेम भेट, १४ मे १९९५’. तेव्हा मला फार गुदगुल्या झाल्या होत्या. आम्हा भांड्यांत त्यामुळे वयावरून कधी वाद होत नाही. माणसांत होतो, आणि असाच एक वाद मी मांडणीवर पालथा पडून ऐकला आहे.

अंबूबाई लग्न होऊन गडमुडशिंगीला आली आणि तिच्याबरोबर मीही आलो. तिचा नवरा जोतीराम गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत मोल्डर होता. काळ्या वाळूचे साचे करायचे आणि त्यांत लोखंडाचा लाल रस ओतायचा, हे त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात त्याने मला सायकलवरून पाडलं. हा बुडाचा पोचा तेव्हाचा. पुढे मोटारसायकल आली, पण पाडायची सवय गेली नाही.

तरी ते दिवस माझ्या मानाचे होते. दुपारी लिंबाखाली सगळे डबे उघडायचे, पण पहिली नजर माझ्याकडे जायची. खालच्या कप्प्यात आमटी, मधल्यात झुणका नाहीतर मसूर, वर भाकरी आणि खरडा. लोक म्हणायचे, “जोत्या, वैनीच्या हाताला चव हाय लेका!” अन्न अंबूबाईचं होतं, पण फुशारकी मी मारायचो. जोतीराम बोटाने पुसून खायचा आणि झाकण लावून तसाच खरकटा मला घरी न्यायचा. अंबूबाई रोज संध्याकाळी एकच वाक्य बोलायची, “डबा इसळायला काय हात झिजत्यात तुमचं?” तो रोज हसायचा. तीस वर्षं हे असंच चाललं.

मग जोतीरामाला खोकला लागला. आधी सकाळी यायचा, मग दुपारीही यायला लागला. अर्धी भाकरी खाऊन होते न होते तोच त्याला अशी उबळ यायची की तो झाडाला हात टेकून उभा राहायचा. उरलेलं जेवण तो फाटकाजवळच्या कुत्रीला घालायचा. आणि त्यानंतर तो मला घेऊन नळावर गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला धुतलं, मित्रांनो, अगदी कडेकोपऱ्यातून. मी मूर्ख, मला आनंद झाला. वाटलं, एवढ्या वर्षांनी कदर झाली. उरलेल्या अन्नाचा माग राहू नये म्हणून तो धुतोय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

अंबूबाईही आधी खूश झाली. शेजारणीला म्हणाली, “आमच्या ह्येंस्नी आता कुठं अक्कल आली बघ.” मला बोलता आलं असतं तर मी त्याच वेळी ओरडून सांगितलं असतं. पण ती काही भोळी नाही. चौथ्या दिवशी तिने माझं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि बराच वेळ मला तसंच हातात धरून ठेवलं. मग सरळ नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

“खरं सांगा. ह्यातलं जेवण कुनाच्या पोटात जातंय?”

जोतीरामाने खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी धुळीतून बाहेर पडा म्हणून सांगितलंय, हेही तेव्हाच बाहेर आलं. “पर आता सोडली तर पेन्शन तुटती,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंबूबाईने फौंड्रीच्या ऑफिसातल्या गणपतरावांना घरी बोलावून घेतलं. त्यांनी चहा घेत समजावून सांगितलं, “पन्नाशीनंतर काम सोडलं की ही पेन्शन मागता येती. पर अठ्ठावन्नच्या आधी घेतली की जेवढी वर्सं आधी, तेवढ्या दर वर्साला चार टक्के कमी. आन् ही कातरी जन्माची, परत भरून येत न्हाय. उलट साठपतोर थांबलास तर वाढून मिळती. जोती, तुझ्या दाखल्यावर एक जून सत्तर हाय. म्हंजे आता पंचावन्न. तीन वर्सं आधी घेतलीस तर बारा टक्के जातील.”

एक जूनचं गुपित तुम्हाला सांगायला हवं. त्या काळी गावात जन्माच्या नोंदी कुणी ठेवत नसे. शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडे बघून अंदाजाने साल टाकायचे आणि तारीख लिहायचे एक जून. अर्ध्या फौंड्रीचा वाढदिवस त्याच दिवशी येतो! जोतीराम म्हसरं राखण्यात रमलेला, तो शाळेत गेलाच नऊ वर्षांचा झाल्यावर. अंगाने बारका होता, म्हणून मास्तरांनी सहा वर्षांचा लिहिला. त्याच्या वडिलांना ही चूक कळली होती, पण ते खूशच झाले. पोरगं पुढे तीन वर्षं जास्त नोकरी करेल, एवढाच त्यांनी हिशेब केला.

“तीन वर्सं काय, डोळं झाकून काढतो,” जोतीराम म्हणाला. “माझ्या मागं हिलाबी त्यातलीच निम्मी मिळणार. कमी कशाला करून घिऊ?”

“पुरी पेन्शन घ्यायला मानूस पुरा ऱ्हायला पाहिजे की!” अंबूबाई म्हणाली.

खरं सांगतो मित्रांनो, त्या वेळी माझ्या मनात पाप आलं. जोतीराम घरी बसला तर मला कोण विचारणार? थांब ना बाबा साठपर्यंत, असं मला वाटून गेलं. मग मला नळाचं ते गार पाणी आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

उंबऱ्याशी जोतीरामाची आई धोंडुबाई लसूण सोलत बसली होती. तिला कमी ऐकू येतं, पण नेमकं हवं ते ऐकू येतं.

“किती वय म्हनलासा ह्येचं?”

“पंचावन्न, आक्का,” गणपतराव मोठ्याने म्हणाले.

“कुनी सांगितलं? कोयनंचा भूकंप झाला तवा ह्यो रांगत हुता. ह्येला काखंत मारून मी अंगनात पळाले. अठ्ठावन्न झाली की रं तुझी!” तिने हातातला लसूण सुपात टाकला. “मास्तरनं लिवलं म्हनून हाडं ल्हान हुत्यात व्हय? तुला मास्तरनं जन्म दिला का मी?”

जोतीराम आपल्या हातांकडे बघत राहिला. भाजल्याचे डाग पडलेले, बोटांची टोकं गुळगुळीत झालेले ते हात मी रोज जवळून पाहिले आहेत. मग तो हळूच म्हणाला, “गनपा, फारम आन.”

त्या महिन्याच्या शेवटी त्याने काम सोडलं. नारळ मिळाला, शाल मिळाली. मला मात्र धोंडुबाईने लसूण ठेवायला घेतलं. एवढ्या मानाचा डबा आणि नशिबी लसूण! मी दोन महिने मनातल्या मनात रुसून बसलो.

मग एका सकाळी अंबूबाईने लसूण सुपात ओतला आणि मला राखेने लख्ख घासलं. जोतीराम गणपतरावांबरोबर कोल्हापूरला पेन्शनचे कागद द्यायला निघाला होता. तिथे पेन्शनच्या ऑफिसात खिडकीतल्या साहेबांनी दाखला बघून विचारलं, “एक जून का?” आणि हसून म्हणाले, “माझापण तोच आहे.” बारा टक्के कमी होणार हे मान्य असल्याची सही जोतीरामाने केली.

बाहेर झाडाखाली त्याने मला उघडलं. खोकला अजून आहे, एकदम जाणारा नाही असं डॉक्टर म्हणतात. पण त्या दिवशी तो सावकाश जेवत राहिला. दोन भाकरी, सगळा झुणका आणि शेवटी बोटाने पुसून आमटी. झाकण लावून त्याने मला पिशवीत टाकलं.

संध्याकाळी अंबूबाईने मला उघडलं. बुडाला आमटी वाळली होती, कडेला खरड्याचा डाग होता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, “डबा इसळायला काय हात झिजत्यात तुमचं?” जोतीराम हसला. तिने मोरीकडे तोंड केलं, पदराने डोळे पुसले आणि मला धुवायला घेतलं.

मित्रांनो, मी आता पुन्हा लसणाचा झालो आहे आणि माझी काही तक्रार नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी रोज डबा घेऊन कामाला जात असेल, तर एकदा तो डबा तुम्ही स्वतः उघडून बघा. खरकटा असला तर रागावू नका. धुतलेला असला तर मात्र त्या माणसाजवळ जाऊन बसा.