ड्राफ्टसकट

ताईच्या ब्लॉगवर काही म्हणजे काही सापडत नाही, हे फोनवर ऐकून ऐकून माझे कान किटले, तेव्हा कुठे मी दोन दिवसांची रजा टाकून तिच्याकडे आलो. दिवसभर ऑफिसात लोकांच्या वेबसाइटी निस्तरायच्या आणि रजेत बहिणीची. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

ताई शिवणावर लिहिते. बाही कशी बेतायची, कॉलर पडू नये म्हणून काय करायचं, असलं सगळं. लिहिते झकास, पण तिचे मथळे म्हणजे विचारू नका. गळ्याच्या कटाचं सगळं गणित 'पुन्हा घोळ' या मथळ्याखाली आणि चेन बसवायची युक्ती 'हुश्श'मध्ये. ब्लॉगबरोबर फुकट आलेली शोधपेटी फक्त मथळे बघायची. बिचारा वाचक 'बाही' टाकायचा आणि हात हलवत परत जायचा. मग तो ताईला मेल लिहायचा आणि ताई आईचं आवरता आवरता त्याला उत्तर द्यायची.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती ताईकडेच आहे. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ताईकडे आई आणि माझ्याकडे सल्ले, अशी वाटणी आपोआप झाली. दर रविवारी मी फोन करतो आणि औषधं घरपोच मागवून देतो. एवढ्यावर मी स्वतःला बरा मुलगा समजत होतो.

"तुला काय, बसल्या जागेवर होईल," ताई म्हणाली आणि कापायच्या टेबलावरचे तुकडे एका बाजूला सारून तिनं मला जागा करून दिली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी ते पाहिलं आणि लॅपटॉप उघडला.

काम नेहमीचंच होतं. शोधानं मथळ्याबरोबर आतला मजकूरही वाचायचा, 'बाही' म्हटलं की 'बाह्या' आणि 'बाहीला'सुद्धा धरायचं, ताजं आधी न दाखवता कामाचं आधी दाखवायचं, आणि प्रत्येक निकालाखाली लेखातल्या दोन ओळी द्यायच्या. प्रोग्रामला सगळं लिखाण एकदा चाळून त्याची सूची करायला लावली. जेवणं झाली तोवर ती तयार होती. 'बाही' टाकून पाहिलं तर 'अरे देवा' नावाचा लेख पहिला आला, आणि तो खरंच बाहीवरचा होता. मी स्वतःवर खूश झालो.

ताईला एका गिऱ्हाइकाकडे फिटिंगला जायचं होतं. "तासाभरात येते. आईला पाणी विचार, ती आपणहून मागत नाही," असं सांगून ती गेली.

मी आईला पाणी दिलं आणि ताईचा जुना टॅबलेट तिच्या हातात ठेवला. आई त्यावर बातम्या वाचते. नवं काही केलं की ज्याला त्यातलं कळत नाही अशा माणसाकडून वापरून घ्यायचं, हा आमचा ऑफिसातला नियम आहे.

"यात काहीही शोध," मी म्हणालो. "तुला हवं ते टाक."

"मला कुठं शिवायचंय काही?" असं म्हणत तिनं एका बोटानं अक्षरं शोधली, आणि मग ती वाचत बसली. बराच वेळ वाचत होती. मला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"सापडलं का काही?" मी विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली.

मी उठून मागे जाऊन उभा राहिलो. तिनं 'आई' टाकलं होतं. शिवणाच्या ब्लॉगवर 'आई' कितीदा येणार? पण निकालांची रांग लागली होती. एकालाही मथळा नव्हता. त्यातला एक तिनं उघडला होता.

'आज आईला तीनदा उचललं. पाठीतून कळ गेली. वाटलं, एकदाचं संपावं. कुणाचं ते लिहीत नाही.' त्याखाली होतं, 'भाऊ म्हणतो, तू आहेस म्हणून मी निश्चिंत. मी असं कुणाला म्हणायचं?'

ताई हे ब्लॉगच्या ड्राफ्टमध्ये लिहीत होती. आई झोपली की लिहायचं, ठेवून द्यायचं आणि कधीच छापायचं नाही. ऑफिसात आमचे ड्राफ्ट वेगळ्याच ठिकाणी असतात, त्यामुळे सूची करताना ते वगळायची मला सवयच नाही. इथे सगळं एकाच पोत्यात होतं आणि मी ते अख्खं ओतलं होतं. टॅबलेट ताईचा, त्यावर ब्लॉग तिच्याच नावानं लॉग-इन केलेला, म्हणून आईला दोन ओळींवर न थांबता सगळं वाचता आलं.

मी धावत जाऊन सूची पुसली, ड्राफ्ट वगळायची अट घातली, पुन्हा चालवली. आता 'आई' टाकलं तर काही येत नव्हतं. त्या मधल्या वेळात बाहेरच्या कुणी ते दोन ओळींपुरतं पाहिलं असेल का, कुणास ठाऊक. घरातल्यांनी पाहिलं ते पाहिलंच होतं.

"तिला सांगू नकोस," आई म्हणाली.

"आई, ते रागाच्या भरात लिहिलेलं असतं गं."

"राग नाहीये त्यात. दमलीय ती." तिनं टॅबलेट पालथा ठेवला. "मला तुझ्याकडे घेऊन चल."

मी लगेच हो म्हणालो नाही. दोन खोल्या, बायकोची नोकरी, बंद पडणारी लिफ्ट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बरं," मी शेवटी म्हणालो.

ताई आली तेव्हा आईनंच विषय काढला. "मी याच्याकडे जाते थोडे दिवस. तुझ्या मशीनच्या खडखडाटानं माझं डोकं उठलंय. आणि तुझ्या स्वयंपाकात मेलं मीठ नसतं."

"मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, आई."

"मग त्याची बायको चोरून घालेल."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. ती खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर तशीच.

"माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं.

"तुझं काय चुकणार?" आई म्हणाली.

ताई आता नाही म्हणेल, वाद घालेल, रडेल, म्हणून मी वाट बघत राहिलो. आईही वाट बघत असावी. पण ताईनं विचारलं ते तेवढंच. मग ती उठली, माळ्यावरून बॅग काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि आईचे गाऊन, स्वेटर, टॉवेल भराभर घडी करून आत ठेवायला लागली. आम्ही निघणार दुसऱ्या दिवशी दुपारी. तिचे हात मात्र थांबत नव्हते.

आई उशीला टेकून ते बघत होती. शेवटची घडी होईपर्यंत तिनं नजर हलवली नाही.