थोरल्याचा यंदाचा चेहरा

सासूबाईंनी चित्र खिडकीपाशी नेलं, मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे केली आणि म्हणाल्या, "गाल बसलेत गं. एवढे नाही बसायचे त्याचे. खाण्यापिण्यात तो कधी मागे नव्हता."

"भरते थोडे," ती म्हणाली.

ती म्हणजे या घरची थोरली सून. शाळेत चित्रकला शिकवायची. तिचा नवरा, घरात सगळे त्याला थोरला म्हणत, लग्नानंतर थोड्याच दिवसांत दूरच्या एका बंदरावर नोकरीला गेला. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग आठवण झाली तर, आणि शेवटी नंबरच लागेना. कंपनीत विचारलं तर तो नोकरी सोडून गेला एवढंच कळलं. सासूबाईंनी अंथरूण धरलं. जेवेनात, बोलेनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. तेव्हा त्यांचं मन जरा रमावं म्हणून तिनं लग्नातल्या फोटोवरून थोरल्याचं चित्र काढलं. सासूबाई उठून बसल्या. चित्र मांडीवर घेऊन त्यांनी कपभर दूध घेतलं.

तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपण स्वतःच्या हातानं दाराला कडी घालतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

पुढच्या वर्षी थोरल्याचा वाढदिवस जवळ आला तशा सासूबाई म्हणाल्या, "आता जरा पोक्त दिसत असेल, नाही?" तिनं नवं चित्र काढलं, जबडा थोडा रुंद केला. त्याच्या पुढच्या वर्षी कानापाशी पांढरे केस आले. मग डोळ्यांखाली सावली आली, कपाळावर आठी आली. आतल्या बोळात चित्रं एकाशेजारी एक लागत गेली आणि न दिसणारा नवरा तिच्या हाताखाली म्हातारा होत गेला. माहेरच्यांनी दोनचारदा विषय काढला, की अजून वय आहे, नव्यानं संसार मांड. सासूबाई पाहुण्यांना बोळात नेऊन चित्रं दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, हिनं कसा जपून ठेवलाय त्याला." यावर कोण काय बोलणार?

फोटोवरून काढलेलं चित्र खरं तर पहिलंच. पुढची सगळी चित्रं चित्रांवरून काढलेली. हा चेहरा नवऱ्याचा किती आणि आपला किती, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण हात तयार होता. आधी फिक्या मार्करनं सगळ्या चेहऱ्यावर एक ओला हात फिरवायचा. रंग वाळायच्या आत शेजारची छटा लावायची, म्हणजे दोन्हींमधली रेघ आपोआप विरते. त्यावर पेन्सिली. टोक अगदी बारीक, हात हलका, बारीक बारीक गोल फिरवत थरावर थर द्यायचे. सुरकुतीला काळा रंग कधी लावायचा नाही. जांभळट तपकिरी लावायचा आणि कागदाच्या घट्ट गुंडाळीचं टोक त्यावरून फिरवायचं, की सुरकुती कातडीतून उमटल्यासारखी दिसते. मागची भिंत खडूच्या रंगांची, बोटानं पुसून धुक्यासारखी केलेली. सगळ्यात शेवटी बिनरंगाची मेणाची पेन्सिल जोर देऊन घोटायची. घोटलं की कातडीवर तकाकी येते, पण कागदाचा खरखरीतपणा कायमचा दबून जातो. त्यानंतर कागद रंग धरत नाही.

यंदा तिला घोटायची घाई होती, कारण तिला जायचं होतं. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण दुसऱ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीराची चित्रं काढायची, हाडं, स्नायू, कातडीचे थर. ती आता नोकरी सोडत होती आणि तिनं हिचं नाव सुचवलं होतं. राहायला खोलीही मिळणार होती. फोनवर मैत्रीण म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत कळव. ते लोक थांबणार नाहीत."

तिनं धीर करून सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा की. मी कुठं अडवलंय? एवढं यंदाचं चित्र तेवढं मनासारखं होऊ दे."

आणि चित्र काही मनासारखं होईना. गाल भरले तर हनुवटी जड वाटली. हनुवटी हलकी केली तर नजर उदास वाटली. "तो असा बघायचा नाही गं," सासूबाई मायेनं म्हणायच्या, आणि ते इतक्या मनापासून असायचं की तिला चिडताही यायचं नाही. शाळेतून येऊन ती टेबलाशी बसायची आणि शेजारी खुर्ची ओढून सासूबाई. पंख्यानं खडूची पूड उडते म्हणून पंखा बंद, आणि त्यांना गार वारा सोसत नाही म्हणून खिडकीही बंद. कागद रंगानं भरून गेला, पेन्सिल वरच्या वर निसटू लागली. तिनं ब्लेडनं हलकेच मेण खरवडलं, पुन्हा रंग दिला, पुन्हा खरवडलं. उजवा गाल झिजून लवदार झाला. आणखी एकदा खरवडला असता तर भोकच पडलं असतं.

अशात एका रविवारी दीर आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकोमुलांसह राहायचा आणि अधूनमधून आईची औषधं, फळं आणून द्यायचा. सासूबाई जेवून आत आडव्या झाल्या होत्या. तो चहाचा कप घेऊन टेबलापाशी आला, चित्राकडे बघून हसला आणि सहज बोलून गेला, "वहिनी, एवढे केस कुठले आता त्याला?"

तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

दिराच्या लक्षात आलं. त्यानं कप खाली ठेवला. "म्हणजे, आमच्या घराण्यातच टक्कल आहे ना. बाबांनाही..."

"भावोजी, तुम्ही त्याला कधी भेटलात?"

तो दाराकडे बघू लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मागे कामासाठी तिकडे गेलो होतो तेव्हा. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नंतर दोनतीनदा गेलो."

"एकटाच असतो?"

"नाही. बायको आहे. दोन मुली आहेत."

तिला वाटलं होतं, असं काही कानावर पडलं तर आपण कोसळू. तसं काही झालं नाही. खोलीत फार उकडतंय, एवढंच जाणवलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता का?" तो खालमानेनं म्हणाला. "आईकडे कोणी बघितलं असतं? आमची जागा दोन खोल्यांची, तुम्हाला माहीत आहे. आणि तुमचं इथं तसं बरं चाललं होतं. चित्रं वगैरे."

तिनं उठून आधी खिडकी उघडली. मग कोरा कागद घेतला, टेबलावर चिकटपट्टीनं बसवला आणि म्हणाली, "बसा. सांगा कसा दिसतो."

"वहिनी, कशाला आता?"

"बसा म्हटलं ना."

तो बसला. ती विचारत गेली, तो सांगत गेला. केस फक्त कानांच्या वर. चेहरा गोल, गळ्याला दुसरी हनुवटी. जाड काड्यांचा चष्मा. डाव्या भुवईत एक व्रण, गाडीवरून पडल्याचा. रंग उन्हानं रापलेला. तिचा हात इतका भरभर चालत होता की गुंडाळी वापरायचंही सुचलं नाही. मार्करचे पट्टे उघडेच राहिले, खडू तिनं तळहातानं फासला. एक अनोळखी, सुखवस्तू माणूस कागदावर आला. रस्त्यात शेजारून गेला असता तर तिनं वळूनही पाहिलं नसतं.

"असाच," दीर म्हणाला.

"कोण असाच?" मागे दारात सासूबाई उभ्या होत्या.

लपवायला वेळच नव्हता, आणि तिला लपवायचंही नव्हतं. सासूबाईंनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. पदरानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. भिंतीला धरत त्या खुर्चीवर टेकल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "सांग."

त्यानं सगळं सांगितलं. तो गप्प झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुली कुणासारख्या आहेत?"

"मोठी बरीचशी तुझ्यासारखी."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. मग त्या सुनेकडे वळल्या, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "हा सांगेल तुला. काढशील त्यांना?"

दिरानं मान फिरवली.

हात सोडवून घ्यायला तिला जोर लावावा लागला. "नाही, आई," ती म्हणाली. या घरात आल्यापासून त्यांना नाही म्हणण्याची ही तिची पहिलीच वेळ होती.

त्याच संध्याकाळी तिनं मैत्रिणीला फोन केला. दिरानं आधी कुरकूर केली, मग नाइलाजानं आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. ती निघेपर्यंतच्या दिवसांत सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. जेवायला मात्र थांबायच्या, तिचं ताट वाढून.

जायच्या आदल्या दिवशी ती शाळेतून निरोप घेऊन आली तर सासूबाई टेबलाशी बसलेल्या. खडूची पेटी उघडी होती. दोन गोल काढून त्यांनी त्यांत रंग भरले होते आणि बोटानं पुसत होत्या. एकावर एक इतके रंग चढले होते की दोन्ही चेहरे मळकट तपकिरी झाले होते, डोळे कुठले नि गाल कुठले कळत नव्हतं.

"तू करतेस तेव्हा कसं मऊ होतं," त्या म्हणाल्या. "माझा नुसता चिखल झाला. एकदाच करून दे. पुन्हा नाही मागणार."

ती जवळ बसली. पेन्सिलीकडे हात गेलाही होता. दोन थर, थोडी गुंडाळी फिरवली असती की झालं असतं. तिनं ओलं फडकं आणलं आणि सासूबाईंची बोटं एकेक करून पुसली, नखांतला रंगही काढला. पेटी मिटून त्यांच्यापुढे सरकवली.

"ही तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली.

सकाळी बॅग घेऊन ती दारात आली. सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. ती वाकली, त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "जाते, आई."

"येते म्हण," त्या म्हणाल्या. "असं जाते म्हणू नये."

इतकी वर्षं शाळेला निघताना ती रोज 'येते' म्हणायची. आत्ताही ओठांवर तेच आलं होतं. खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तिनं बॅग उचलली, सासूबाईंच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि काही न बोलता जिना उतरू लागली.