गालातलं मौन

"पोट बिघडलं, परसाकडला पातळ झालं, की त्याच दिवशी सांगायचं. घरगुती काढे बिलकुल न्हाई. वचन द्या, मावशी."

डॉक्टर गौहरचे हे बोल सकाळपासून सोनूबाईंच्या कानात घुमत होते. आणि आज नेमका गुरुवार. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे. लग्न होऊन तीर्थपुरीत आल्यापासून एकही गुरुवार मोडला नव्हता. मिसरी लावून लावून गालात कॅन्सरची गाठ धरली, घास गिळेना, तरीसुद्धा.

गाठीचं कोडं त्यांना उलगडलं तेही मौनामुळेच. पहिलं सलाईन लावताना गौहर सांगत होती, "अंगात राखणदार पेशी असतात, मावशी. परकं दिसलं की तुटून पडतात. तुमच्या गाठीपाशीही पोचल्यात, तपासणीत दिसल्या. पण गाठ लबाड. त्यांना खूण करते, गप बसा, मी घरचीच."

"म्हंजी त्यांनी मौन धरलंय व्हय?"

"बराबर! हे सलाईन ते मौन सोडवतं. पण एकदा तोंड सुटलं की काहीजणी घरच्यांवरच ओरडत सुटतात. आतड्यावर, कधी फुफ्फुसावर."

"आमच्या थोरल्या जावेसारख्या," सोनूबाई हळूच म्हणाल्या, आणि गौहरला हसू आवरलं नाही.

सलाईन मानवलं होतं. गाठ मऊ पडली होती, भाकरी दुधात कुस्करून खाता येऊ लागली होती. आणि आज पहाटेपासून परसाकडच्या ह्या खेपा. शेवटच्या खेपेला रक्त दिसलं, तेव्हा भिंतीला धरूनच त्या घरात आल्या.

थोरली जाऊ चतुराबाई दारातच उभी. "कालची एकादशीची भगर बाधली तुला. डाळिंबाच्या सालीचा काढा टाकते. अन् दवाखान्यात सांगू नको बरं, सोनू. औषध बंद करतील. आत्ता कुठं गाठ विरघळाय लागलीय, ती परत वाढली तर मंग काय करशील?"

तिचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते काळजाला लागलं. सोनूबाई देवापुढं जाऊन बसल्या. मौन होतंच. दिवेलागणीपर्यंत गप्प राहायला कारणही आयतं होतं, नि औषध बंद होण्याची भीती देवाच्या नावावर खपून गेली असती. त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी दत्ताच्या तसबिरीला डोकं टेकलं नि उठल्या.

"तृप्ती, डॉक्टरीणबाईला फोन लाव."

कणीक मळणारी सून दचकली. "आत्याबाई, आज गुरुवार हाय."

"अगं बया, मोडलं की व्रत!" चतुराबाईनं तोंडाला पदर लावला.

"मोडलं. देवाला मी समजावते. तू फोन लाव."

फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. रक्ताचंही, जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"जल्दी निघा, मावशी," गौहर म्हणाली. "भरती करून आधी आतड्याची सूज उतरवू. पुढचं सलाईन सध्या थांबवावं लागेल."

"अन् गाठ?"

"खरं सांगू? ते आत्ता न्हाई सांगता येणार. तुम्ही फक्त या."

"येते."

तृप्ती शेजारच्या जीपवाल्याला बोलवायला धावली. सोनूबाईंनी तोंडावर पाणी मारलं, धुतलेलं लुगडं आणि औषधांची पिशवी काखेत घेतली, नि जावेला वाकून नमस्कार केला. चतुराबाई काही म्हणायच्या आत त्या उंबरा ओलांडून, एका हातानं पोट धरून, हळूहळू रस्त्याकडं निघाल्यासुद्धा.