तोंडात तणस

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन, वारा नाही. मी लालीच्या गळ्यातली लाकडी घंटा बोलतेय.

चोरखमाऱ्याच्या तलावापासून जरा आत, अभयारण्याच्या कडेला आमचं गाव. बावीस घरं, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. घरच्या म्हाताऱ्या शालीकरामने मला बिजा झाडाच्या लाकडातून कोरलं, पोटात दोन लोलक टांगले. तो गेला. त्यानंतर गाई बदलल्या, मी तीच राहिले. माझ्या ठक्-ठक् वरून त्याच्या सुनेला, देवकाबाईला, चुलीपाशी बसून कळायचं की गाय कुठं आहे.

धान कापणीला आलं की गुरांना चरायला जागा उरत नाही. मग शालीकरामचा मुलगा, देवकाबाईचा नवरा चैतराम, लालीला मनाई असलेल्या जंगलात घुसवतो आणि वनरक्षकाला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या तोंडात तणस, धानाचा वाळका पेंढा, कोंबतो.

"आज तरी राहू द्या न जी. भरल्या दिवसाची गाय हाय. हरपली त कशी सापडन?" देवकाबाई म्हणाली.

"गाय हाय, सुई नाही! तुयं तोंड त बंद होत नाही, इचं तरी करू दे."

साडेअकराला लाली बाकीच्या गुरांपासून बाजूला झाली आणि बांबूच्या बेटात व्याली. तांबडी कालवड. उभं राहताना तीनदा पडली, चौथ्यांदा आचळाला लागली.

दोनच्या सुमारास हाका आल्या. "लाली! ये लाली!" चैतरामने घरून देवकाबाईलाही बोलावून आणलं होतं.

"थांबा जी. ऐकू द्या," ती म्हणाली.

पावलं थांबली. अगदी जवळ, पळसाच्या पलीकडे. नुकतीच व्यालेली गाय वासरू लपवते, हंबरत नाही. लालीने नुसती मान हलवली. मी पूर्ण हलले. लोलक तणसात रुतून बसले होते.

"काहीच नाही वाजून राहिलं."

"वाजन कसं? चाल, तलावाकडं पाहू," चैतराम म्हणाला.

पावलं लांब गेली. मला गळ्यातून काढून खुंटीला टांगा, चुलीत घाला, पण मुकं करून गळ्यात बांधू नका.

तीन वाजता रानकुत्री आली, चार. लाली शिंगं रोखून गरगर फिरली. प्रत्येक झटक्याला तणसाची एकेक काडी गळत होती. शेवटी एक लोलक सुटला. ठक्. ठक्-ठक्-ठक्.

तलावाच्या बाजूने दोघं ओरडत धावत आली. कुत्री पळाली.

तीन वाजून वीस मिनिटांनी गाय सापडली. तिच्या मागच्या पायाला चावा होता. कालवड मेली होती. देवकाबाईने माझ्या तोंडातलं उरलेलं तणस काढलं आणि चैतरामच्या हातात दिलं.