पैदाशीची कोळंबी

खरकट्याच्या बादलीतून समतानं कोळंबीचं एक डोकं उचललं. डोळ्याच्या देठाला लाल कडी तशीच होती. तिनं ते धुऊन ओट्यावर ठेवलं आणि पुन्हा बादलीत हात घातला. निळी कडी निघाली. मग आणखी एक लाल.

दारात तिचे वडील शंकरराव उभे होते.

“बाबा, तळ्यात जाळं कोनं टाकलं?”

“मीच.”

वडनेरच्या त्यांच्या शेततळ्यात तिनं पैदाशीची कोळंबी जपली होती. प्रत्येकीच्या पायाचा इवलासा तुकडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेऊन तिनं जनुकांचा नकाशा तयार केला होता. कोणाची पिल्लं झपाट्यानं वाढतील, कोणाची रोगाला टिकतील, हे त्यावरून ठरायचं. निवडलेल्या नरांना निळ्या कड्या घातल्या होत्या, माद्यांना लाल. पुढल्या आठवड्यात त्यांच्या जोड्या लावायच्या होत्या. कित्येक पिढ्या पारखून उरलेली जनावरं होती ती.

“कडीवाले धरू नका म्हनून किती खेपा सांगतलं होतं!”

“तुहे साहेब आल्ते पाहुने घेऊन. मी साधे झिंगे काढले, तं म्हने, हे नको. ते कडीवाले मोठे काढा.”

समताचा हात थांबला. कडी कशासाठी असते, हे तिच्या विभागप्रमुखांना कोणी सांगायची गरज नव्हती.

“सरनं सोता सांगतलं?”

“हाव.”

“मंग नाही म्हनता आलं नाही तुमाले? तळं आपलं, घर आपलं! हात जोडून उभे राह्यले असान!”

शंकररावांनी कोपऱ्यातलं जाळं ओढून घेतलं. तिनं बादली लाथेनं उलटवली. रस्सा अंगणभर पसरला.

फोन वाजला. सरांचाच होता. तिनं ओला हात ओढणीला पुसला.

“समता, जेवण एकदम फर्स्ट क्लास! वडिलांना सांग. पाहुणे खूश झाले. आणि टेन्शन घेऊ नकोस, नकाशा आपल्याकडे आहेच. जोड्या पुढच्या वर्षी लावू.”

“हो सर,” समता म्हणाली.

फोन बंद झाला. शंकरराव पाठ वळवून जाळ्यात अडकलेलं शेवाळ काढू लागले, जणू त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे ती पाहत राहिली.

तिनं तोच नंबर पुन्हा लावला.

“हं, बोल समता,” पलीकडून आवाज आला.

शेवाळ काढणारे शंकररावांचे हात थांबले.