गाळलेलं वाक्य

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. तेहतीस वर्षं मिशिगनमध्ये काढूनही ही परिस्थिती आहे आणि मला तिची लाजबीज वाटत नाही. तरीसुद्धा ऑगस्टमधल्या त्या बुधवारी पहाटे पाच वाजता मी आमच्या नोव्हाय गावातले शेजारी ओनो-सान यांच्या सोफ्यावर बसून जपानमधला सामना बघत होतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात.

ओनो-सान गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीतून निवृत्त झालेत. मुलं लांब, बायको गेलेली, त्यामुळे एकटेच असतात. आमचा देव लहानपणी शाळेतून सुटला की थेट त्यांच्याकडे पळायचा. जपानी बोलायला तो त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकला. एप्रिलपासून ओनो-सान माझ्या मागे लागले होते, एकदा सकाळी मॅच बघायला या म्हणून. मी टाळत होतो. शेवटी माझी बायको सुलेखा म्हणाली, म्हातारा माणूस एकटा आहे, तासभर जाऊन बसलात तर झिजणार आहात का? तेव्हा जायला लागलो. त्या दिवशीची माझी चौथी खेप.

जपानबद्दल माझं मत तसं चांगलंच होतं, कारण देव तिथे होता. नागोयाजवळच्या एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटी इंजिनियर. हे मी मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत आणि कोणी न विचारताही सांगत असे. पण तीन वर्षं झाली होती, मी साठी ओलांडली होती आणि मुलगा एकुलता एक. मे महिन्यात मी माझ्याच कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकला. नोकरी पक्की झाल्यावर त्याला फोन करून ऐकवलं, की आता बास झालं तुझं जपान, आई तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलीय, इकडे ये आणि एका जागी स्थिर हो. त्यानं कधीपासून ते विचारलं. मग बरं म्हणाला. मी त्याच दिवशी पेढे आणले.

तर सामना. ओनो-सानच्या आवडत्या संघात ब्रॅडी नावाचा एक आडदांड अमेरिकन होता. तो बॅटिंगला आला की ओनो-सान माझ्या गुडघ्यावर थोपटत आणि नीट बघा म्हणत. तो आऊट झाला की माझ्याकडे असं बघत, जणू माझंच काही गेलं. म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं मी मनात म्हणायचो.

त्या दिवशी नववी, म्हणजे शेवटची पाळी आली तेव्हा त्यांचा संघ तीन-दोननं मागे होता. दोघं आऊट झालेले, तिसरा गेला की खेळ संपणार, एक धावपटू पहिल्या बेसवर, आणि समोर ब्रॅडी. मला काम सुरू करायचं होतं, म्हणून मी उठायला लागलो. ओनो-साननी माझी बाही धरून खाली बसवलं. पुढच्याच चेंडूवर ब्रॅडीनं असा काही दणका दिला की चेंडू मागच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. होमरन, म्हणजे धावपटू आणि तो मिळून दोन धावा. चार-तीन. तिथल्या तिथे सामना खलास. यजमान संघ शेवटी खेळतो, त्यामुळे असा फटका बसला की पाहुण्यांना उत्तरच देता येत नाही. जपानी लोक याला सायोनारा, म्हणजे निरोप, म्हणतात, असं ओनो-साननी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एवढा शांत माणूस, पण टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता जाऊ नका. आता मुलाखत."

सामना जिंकून देणाऱ्याला तिथे मैदानातच एका छोट्या चौथऱ्यावर उभं करतात आणि हजारो लोकांसमोर त्याची मुलाखत घेतात. ब्रॅडी घामाघूम होऊन वर चढला. त्याच्या मागोमाग संघाचा टी-शर्ट घातलेला, हातात माइक घेतलेला एक काळासावळा मुलगा चढला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

तो देव होता.

मी दोनदा चष्मा पुसला. देवच होता. खाली मान घालून ऐकायची सवय त्याची, डाव्या कानामागे खाजवायची सवय त्याची. मुलाखतकार जपानीत विचारत होता, देव ते ब्रॅडीच्या कानात इंग्रजीत सांगत होता, ब्रॅडी बोलला की देव माइकमधून जपानीत बोलत होता आणि स्टेडियमभर हशा पिकत होता. हा माझा क्वालिटी इंजिनियर.

मी ओनो-सानकडे बघितलं. ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, की एप्रिलमध्ये त्यांना तो पहिल्यांदा दिसला. सांगणं त्यांचं काम नव्हतं, दाखवणं जमलं असतं. मला त्या क्षणी त्या सभ्य माणसाचा गळा दाबावासा वाटला.

शेवटचा प्रश्न झाला. ब्रॅडीनं आपला जाडजूड हात देवच्या खांद्यावर टाकला आणि इंग्रजीत म्हणाला, "हा होमरन देवसाठी. उद्या त्याचा शेवटचा सामना. त्याच्या वडिलांनी त्याला घरी खरी नोकरी लावून दिलीय. या मुलाशिवाय मी इथे एक महिनाही टिकलो नसतो."

खरी नोकरी. हे शब्द माझे होते. फोनवर नाही, पण लहानपणापासून त्याला मी ते इतक्यांदा ऐकवले होते.

देवनं माइक तोंडाशी नेला आणि तो थांबला. सगळं स्टेडियम वाट बघत होतं. मीही. मग तो हसला, दोन वाक्यं बोलला, आणि लोकांनी ढोल-ट्रम्पेट सुरू केले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

ओनो-साननी चहाचा कप खाली ठेवला. "तो म्हणाला, तुमच्या पाठिंब्यामुळे जिंकलो, उद्याही या." मग म्हणाले, "स्वतःबद्दलचं त्यानं गाळलं."

मी घरी आलो तो संतापूनच. सुलेखाला सांगितलं तर ती जिन्याच्या पायरीवरच बसली. तिलाही काही माहीत नव्हतं. तीन वर्षं दर रविवारी तासभर बोलणारी बाई, आणि तिलाही पत्ता नाही. मग तिनं एवढंच विचारलं, की बारीक झालाय का. मी फोन लावला. चांगला झापणार होतो त्याला, वाक्यंसुद्धा तयार होती.

"हाय बाबा. मी मीटिंगमध्ये आहे, कॅन आय कॉल यू लेटर?" मागे ढोल वाजत होते.

"मी बघितली तुझी मीटिंग," मी म्हणालो.

तो चौथऱ्यावर थांबला होता तसाच थांबला. माझी तयार वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"त्याचं एक वाक्य तू गाळलंस, देव."

"बाबा, आय वॉज गोइंग टू टेल यू." आवाज लहान मुलासारखा झाला होता. मग हळूहळू बाहेर आलं. कंपनीतली नोकरी त्यानं आठ महिन्यांतच सोडली होती आणि तो दुभाष्याचं काम करायला लागला होता. दर रविवारी सांगायचं ठरवायचा, आणि मी मंडळात कोणाकोणाला काय सांगितलं ते ऐकवायला लागलो की गप्प बसायचा. मग मी परत बोलावलं, तेव्हा त्याला वाटलं, आता सांगायची गरजच उरली नाही.

"येऊ नकोस," मी म्हणालो. "त्यांना सांग, मी जात नाही म्हणून. इकडचं मी कॅन्सल करतो."

"त्यांनी दुसरा हायर केला, बाबा. शुक्रवारपासून तो येईल. मीच ट्रेन केलंय त्याला."

"उद्या मॅच आहे ना? दिसशील?"

"ब्रॅडी हीरो झाला तरच."

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मी आणि सुलेखा ओनो-सानच्या दारात उभे होतो. साडेतीन तास मी त्या खेळाकडे असा बघितला, जसा देवच्या जन्माच्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत होतो. ब्रॅडी तीनदा आऊट झाला. नवव्या पाळीत पुन्हा एक रन कमी, पुन्हा दोघं आऊट, आणि पुन्हा तोच. मी हात जोडले. सुलेखानं डोळे मिटून घेतले. ब्रॅडीनं फटका मारला, चेंडू वर वर गेला, ओनो-सान अर्धवट उठले, आणि अगदी भिंतीला पाठ लावून एका पोरगेल्या खेळाडूनं तो झेलला.

मुलाखत समोरच्या संघातल्या कोणाची तरी झाली. तो जपानीच होता, त्याला दुभाष्या लागत नव्हता. त्याआधी हरलेला संघ मैदानात रांगेनं उभा राहून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करत होता. कॅमेरा त्यांच्यावरून घाईघाईनं फिरला. रांगेच्या मागे, जिथे वाकायची जबाबदारी कोणाची नसते तिथे, एक पाठ वाकलेली दिसली. सगळे सरळ झाले तरी ती खालीच होती. सुलेखा म्हणाली, "तोच आहे." तेवढ्यात जाहिरात लागली.

सोमवारी देव घरी येतोय. एक तारखेला त्याचं जॉइनिंग आहे, माझ्याच मजल्यावर, माझ्यापासून चार टेबलांवर. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालंय, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय.