दुकानावरचा जांभळा खांब

आमच्या बाबांना आकाशाने पकडून दिलं आणि दुकानाला कायमचं कुलूप लागलं.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. बाबा रिटायर झालेत, दुकान मागच्या हिवाळ्यापासून बंद आहे, किल्ली आईच्या एप्रनच्या खिशात आहे आणि बाबा रोज संध्याकाळी फिरायला जातात. आमच्या घराची अधिकृत परिस्थिती एवढीच होती.

बाबा निऑनच्या पाट्या बनवायचे. काचेची नळी आचेवर मऊ करायची, वाकवायची, आतली हवा उपसायची, मग मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर लावून भाजायची, म्हणजे आतला मळ जळून जातो, आणि शेवटी गॅस भरायचा. औषधांच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस बाबांचा. चष्मेवाल्या काकांच्या दारावरचा लाल चष्मा बाबांचा. बंद पडलेल्या थिएटरचं नावसुद्धा बाबांचंच, पण ते आता विझलेलं असतं, त्यामुळे त्याचं श्रेय कोणी देत नाही. पाटी नव्हती ती फक्त आईच्या शिवणकामाच्या दुकानाला. तिथे पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं होतं. बाबा पंचवीस वर्षं म्हणत आले, "एवढी एक ऑर्डर होऊ दे, मग तुझीच."

मग त्यांच्या छातीत पेसमेकर बसला.

"तो मोठा ट्रान्सफॉर्मर चालू असेल तेव्हा त्याच्यापासून दहा हात लांब राहायचं," डॉक्टरबाईंनी बजावलं. "नाहीतर यंत्राचा गोंधळ उडेल."

"वरचेवर उडेल का?" बाबांनी विचारलं.

"नाही. एकदाच."

बाबांचं टेबल ट्रान्सफॉर्मरपासून दोन हातांवर होतं. आईने त्याच दिवशी कुलूप लावलं. उरला माझा प्रश्न. मी वाकवणं, भाजणं, गॅस भरणं सगळं शिकले होते आणि शिकून झाल्यावर एलईडीच्या कंपनीत नोकरीला लागले. बाबा माझी ओळख करून देताना म्हणतात, "ही धाकटी. प्लास्टिक विकते." मोठं कोणी नाही. मी एकटीच आहे. पण धाकटी म्हटलं की मोठं कोणीतरी शहाणं निघालं असेल असं ऐकणाऱ्याला वाटतं.

त्या दिवशी थंडी अशी होती की श्वास सोडला तर तो जावं कुठे याचा विचार करत समोरच थांबायचा. वारा अजिबात नव्हता. आमच्याकडे हिवाळ्यात दुपारचा चहा होईतोवर अंधार पडतो. बाबा फिरायला गेले होते. आई एका कोटाचं अस्तर बसवत होती आणि मी तिला टाचण्या देत होते. तेवढ्यात चष्मेवाल्या काकांनी काचेवर थापा मारल्या.

"वहिनी, बाहेर या! आकाशात खांब उभे राहिलेत!"

आम्ही बाहेर आलो. खरंच खांब होते. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर प्रकाशाचा एकेक सरळ खांब, थेट वरपर्यंत. कुठे पिवळे, कुठे पांढरे. औषधांच्या दुकानावर हिरवा. चौकातल्या सिग्नलवरचा खांब लाल झाला की आकाशाचा तेवढा भाग लाल व्हायचा, आणि हिरवा झाला तरी खालची एकही गाडी हलायची नाही, कारण ड्रायव्हर गाडीबाहेर उभे राहून वर बघत होते.

यात चमत्कार काही नाही. हवेत बर्फाचे चपटे, बारीक कण तरंगत असतात. प्रत्येक कण म्हणजे आडवा धरलेला आरसा. खालचा दिवा तो वर दाखवतो. ज्याचा दिवा त्याचा खांब. हे मी काकांना समजावून सांगितलं आणि लगेच पस्तावले.

"म्हणजे तो लाल माझा?" काका म्हणाले. "मग औषधवाल्याचा उंच का?"

"काका, दिवा जास्त प्रखर असेल."

"तुझ्या बापाने मला कमी गॅस भरला!"

आई हसली नाही. ती थिएटरच्या मागे बघत होती.

"तो कोणाचा गं?"

थिएटरच्या काळ्या छपरामागून एक खांब वर गेला होता. फिकट निळसर. बाकीचे सगळे स्थिर होते, हा थरथरत होता. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बोट दाखवून "वा, वा" करत होते. थिएटरच्या मागे एकच इमारत आहे, आणि तिला कुलूप आहे.

मला ती थरथर ओळखीची होती. माझं अर्धं बालपण तिच्याकडे काळ्या चष्म्यातून बघण्यात गेलंय. कोणीतरी नळी भाजत होतं.

आईने एप्रनच्या खिशात हात घातला. "किल्ली तर इथेच आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "रोज फिरून येतात. बुटांना कधी बर्फ बघितलास?"

मी कधीच बघितला नव्हता. इतकी स्वच्छ फिरणारी माणसं जगात नसतात हे आम्हा दोघींच्या डोक्यात संपूर्ण हिवाळाभर आलं नव्हतं.

आणि तेवढ्यात खांब विझला.

"अरेरे," लोक म्हणाले.

विझण्यात काही वावगं नव्हतं. नळी भाजून झाली की वीज बंद करतात, ती निवू देतात, मग गॅस भरतात. बाबा तेवढ्यात एक कप चहा पितात. पण बाबा वीज हळूहळू कमी करत नेतात. एकदम बंद केली तर नळी तडकते. मला त्यांनी या एका गोष्टीवरून जितकं झापलंय तितकं नापास झाल्यावरही झापलं नव्हतं. आणि हा खांब मंदावला नव्हता. कोणी कात्रीने कापावा तसा गेला होता.

"आई, पळ."

तिने कारण विचारलं नाही. टाचण्यांची उशी तिच्या मनगटावर तशीच होती.

मान वर करून उभ्या असलेल्या गावातून पळणं म्हणजे खुर्च्या भरलेल्या खोलीतून अंधारात चालणं. कोणी बाजूला होत नाही, कारण कोणी समोर बघत नाही. एका माणसावर मी आदळले तर तो मलाच ओरडला, "अहो, वर बघा, वर! खाली काय आहे बघण्यासारखं?" आईने मनगटावरच्या उशीने त्याला बाजूला सारलं. तो पटकन झाला.

पुलावर डॉक्टरबाई कठड्याला टेकून आकाश बघत होत्या.

"डॉक्टरबाई, चला," आई न थांबता म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या पेशंटच्या खांबाखाली."

त्यांना काही कळलं नसणार, पण आईचा चेहरा त्यांना वाचता आला. त्या पळायला लागल्या, आणि आम्हा दोघींपेक्षा जोरात.

थिएटरच्या मागे अंधार होता. खांब परत लागला नव्हता. चहाचा कप संपून धुऊन झाला असता एवढा वेळ गेला होता.

दुकानाच्या खिडक्यांना आतून ब्लँकेटं लावलेली होती. दाराच्या फटींत चिंध्या ठासलेल्या होत्या, आईच्याच दुकानातल्या. किरणभर उजेड रस्त्यावर येणार नाही असा चोख बंदोबस्त. आईने किल्ली घातली, ती फिरली, दार उघडलं नाही. आतून कडी होती.

"अहो!"

काही नाही.

"अहो, मी ओरडणार नाहीये!" आई ओरडली.

तरीही काही नाही. डॉक्टरबाई दाराला कान लावून उभ्या राहिल्या. मी कचऱ्याच्या पेटीवर चढले, तिथून पत्र्यावर. सगळं छप्पर बर्फाने भरलेलं आणि मधोमध काचेची खिडकी मात्र झाडूने स्वच्छ केलेली, आचेची वाफ बाहेर जावी म्हणून. चारी बाजूंनी अंधार ठासून बसवणाऱ्या माणसाने वरची बाजू उघडी ठेवली होती. वरून कोण बघणार होतं?

मी वाकून पाहिलं. टेबलावर टॉर्च जळत होता. बाबा जमिनीवर पालथे पडले होते, एक हात पुढे ताणलेला. हलत नव्हते.

मी हाक मारली असावी, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी बुटाने काच फोडली. तुकडे टेबलावर पडले आणि खालून बारीक, रागावलेला आवाज आला.

"काच फोडायची नसते. वाकवायची असते."

"बाबा! तुम्ही पडलाय!"

"पडलो नाही. आडवा झालोय."

"उठता येतंय?"

"ते अजून पाहिलं नाही."

मी आत उडी टाकली आणि कडी काढली; शेजारच्या खिळ्यावर दुसरी किल्ली लटकत होती. डॉक्टरबाई गुडघ्यांवर बसून त्यांचं मनगट धरून राहिल्या. बाबांचा चेहरा पुट्टीच्या रंगाचा झाला होता. आई उभीच होती. नाडी बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नाडी बघायची असते, तर डॉक्टरबाईंचा चेहरा असा होता की दोन ठोके आले, आणि तिसरा दारात उभा राहून आत येऊ का विचारतोय.

तो आला. मग चौथा. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

"दहा हात सांगितले होते मी."

"बारा हातांवर होतो," बाबा म्हणाले. "मोजून." त्यांनी बोट दाखवलं. ट्रान्सफॉर्मरच्या खटक्यापासून दारापर्यंत पडद्याचे दोन दांडे आणि झाडूचा एक दांडा एकमेकांना बांधलेले होते. संपूर्ण हिवाळा त्यांनी बारा हात लांबून खटका ढकलत काम केलं होतं. "आज दांडा अडकला. नळी जळली असती. एकदाच जवळ गेलो, खटका ओढला, परत आलो. परत येताना जमीन थोडी वर आली."

"एका नळीसाठी?" आई म्हणाली. तिचा आवाज टाचणीसारखा होता. "एका नळीसाठी मला विधवा करत होतात? कोणाची ऑर्डर होती एवढी?"

बाबांनी टेबलाकडे बघितलं. मी टॉर्च फिरवला.

टेबलावर पंपाला जोडलेली एक मोठी सुई होती. अखंड काचेची, आणि तिच्यातून ओवलेला दोरा तीन वळणं घेऊन खाली आलेला. इतकं बारीक वळण मी बाबांच्या हातचं कधी पाहिलं नव्हतं. तडकलीही नव्हती. आणि तरी त्यात घोडचूक होती.

"बाबा," मी म्हणाले, "सुईचं नेढं टोकाकडे केलंय तुम्ही. नेढं मागे असतं."

"प्लास्टिकच विक तू," आई म्हणाली. "मशीनची सुई आहे ती. तिचं नेढं टोकालाच असतं." पंचवीस वर्षं तिच्या मशीनसमोर पेपर वाचत बसलेला माणूस पेपर वाचत नव्हता, हे तिला बहुधा तिथे कळलं.

रुग्णवाहिका येत नव्हती. ड्रायव्हरचा फोन आला, पुलावर कोणी वाट देत नाहीये, आणि डॉक्टरबाईंच्या मते तोही वर बघत होता. बाबांना ब्लँकेटांत गुंडाळून दाराशी झोपवलं होतं. बाहेर न्यायचं नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलं, त्या थंडीत धडधाकट हृदयही राजीनामा देईल.

"गॅस भरायचा राहिलाय," बाबा छताला म्हणाले.

"नाव काढू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी भरते," मी म्हणाले.

"येतं का अजून?"

"प्लास्टिकवाल्यांना हात असतात, बाबा."

मी गॅस भरला. बाबा माझ्या प्रत्येक हालचालीला जमिनीवरून नावं ठेवत होते, म्हणजे तब्येत सुधारत होती. नळी बंद करून तिला पाटीचा छोटा ट्रान्सफॉर्मर जोडला. डॉक्टरबाईंनी स्वतः पावलं टाकून अंतर मोजलं आणि नाइलाजाने मान डोलावली. खटका आईने लावला, बाबांच्याच दांड्याने, बाबांच्या शेजारी उभं राहून.

सुई लागली. जांभळी. आईच्या दुकानात त्या रंगाचं एकच रीळ आहे, ते ती कोणाला विकत नाही. माझी फुटकी खिडकी बरोबर तिच्यावर होती.

बाहेर एकदम गलका झाला. चष्मेवाले काका धापा टाकत दारात आले.

"अहो, जांभळा! थिएटरच्या वर! सगळ्यांत उंच!"

"औषधवाल्यापेक्षा?" बाबांनी विचारलं.

"दुप्पट! मला का नाही असा केलात?"

"मला दाखवा," बाबा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या छातीवर एक हात ठेवला. तेवढाच पुरला.

शेवटी स्ट्रेचर आलं. बाबांना दारातून बाहेर काढलं आणि नेमका त्या क्षणी, दिवसभर कुठे मेला होता कोण जाणे, वारा सुटला. खांब खालून वर पुसले गेले. आधी पिवळे, मग हिरवा, मग जांभळा. बाबांनी स्ट्रेचरवरून मान वर केली तेव्हा तिथे साधं, नेहमीचं, काळं आकाश होतं.

"कुठाय?"

"होता," आई म्हणाली. तिने त्यांचं पांघरूण टाचणीने घट्ट केलं.

गावात तो खांब सगळ्यांनी पाहिला. न पाहिलेला माणूस एकच आहे.

आता सुरुवातीचं वाक्य परत वाचायला हरकत नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर भंगारात गेला. बाबा आईच्या दुकानात बसून बटणं लावतात. सुई दारावर टांगली आहे, पण बाबा तिच्यापासून तीन हातांवर बसतात आणि डॉक्टरबाई सूट द्यायला तयार नाहीत, म्हणून ती विझलेली असते. आई ती फक्त बाबा फिरायला गेल्यावर लावते. बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून आधी सुईकडे, मग सुईच्या वर बघतात. हल्ली त्यांच्या बुटांना भरपूर बर्फ असतो.

तरी हवामान खात्याच्या संबंधित अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, आमच्या गल्लीसाठी कोणत्याही एका संध्याकाळी कडाक्याची थंडी, शून्य वारा आणि चपटे बर्फाचे कण पुरेशा प्रमाणात मंजूर करावेत. अर्जदाराचे वडील त्या वेळी दहा हातांपलीकडे मान वर करून उभे असतील. सदर वारा त्यांचं बघून होईपर्यंत रोखून धरण्यात यावा. औषधांच्या दुकानाचा क्रॉस तेवढा वेळ बंद ठेवता आल्यास उत्तम.